ढब्बू पळाला नव्हता

४ जून

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

नाटक कंपनीचा दौरा बरा चाललाय. राजाचं काम करणाऱ्या नटाचं पोट दर मुक्कामी सुटतं आणि अंगरखा आटला म्हणून बोलणी मी खाते. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईचं नशीबच तसं. जीव मात्र ढब्बूपाशी आहे. त्याला सांभाळायला तू आपणहून पुढे आलास, म्हणून निर्धास्त निघाले.

गडगडाट सुरू झाला की त्याच्या पायांतलं बळ जातं. तुझ्या रंधा मारायच्या टेबलाखाली शिरेल. शिरू दे. ओढून काढू नकोस, ओरडू नकोस. खिडक्या बंद कर, रेडिओ लाव आणि नुसता जवळ बस. जवळ घेतल्याने कुत्रं जास्त भित्रं होत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलंय. टेपवर ढगांचा आवाज आहे, तो त्याला सवय व्हावी म्हणून जेवताना अगदी हळू लाव. कान पाडले तर आणखी हळू. हिवाळाभर खपून त्याला इथवर आणलंय; एकदा मोठा धक्का बसला की सगळं पाण्यात जाईल.

बायकोला सांग, सुतार आणि कुत्रा दोघांनाही वेळेवर जेवू घाल. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही. परवा दुपारी अचानक आभाळ भरून आलं. ढब्बू अंगणात होता. पहिल्याच कडकडाटाला त्याने पट्ट्यातून मान सोडवली, फाटकावरून उडी मारली आणि सुसाट पळाला. मी भिजत स्टेशनापर्यंत शोधलं, दुकानादुकानांत विचारलं. हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं होतं. टेपही रोज लावत होतो. दौरा अर्धवट सोडून येऊ नकोस, येऊन तरी काय करणार? राग धरू नकोस. धाकट्यावरची तुझी माया कमी होऊ नये, एवढंच मागणं.

तुझा ठोक्या

२७ जून

ठोक्यास,

आशीर्वाद मनात आहेत, हाताने लिहवत नाहीत.

तुझं पत्र वाचून कपड्यांच्या पेट्यांमागे तोंड दाबून रडले. तुलाच किती लागलं असेल, म्हणून समजुतीचं पत्र लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता हात थांबला. गडगडाटात ढब्बूला धड उभं राहवत नाही. तो फाटकावरून उडी कसा मारेल?

परवा तुझ्या घरी येऊन गेले. तू कामावर होतास. तुझी बायको मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे तिने गिऱ्हाइकाचं नवं कपाट दाखवलं, पॉलिश नखांनी ओरबाडलेलं. तिनेच सांगितलं, टेप एकदाही लावली नाहीस. वादळात त्याला कपाटाच्या खोलीत कोंडून बाहेर गेलास आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या गोदामावर देऊन आलास.

तिथे पत्र्याखाली तो बांधलेला होता, स्वतःचाच पाय चावून सोललेला. राखणदार भला माणूस. याला मालकच नाही असं तू सांगितल्याचं म्हणाला. पाऊस आला की बिचारा आपलं पांघरूण त्याच्यावर टाकायचा.

कपाट खराब झालं, कुत्रं घेऊन जा, एवढं कळवलं असतंस तर पहिल्या गाडीने आले असते. खोटं बोललास तेही गिळलं असतं. पण तुझी बायको म्हणाली, तो घराबाहेर पाय ठेवेना, तेव्हा तू त्याला ताईकडे जायचंय असं सांगितलंस. मग तो उड्या मारत निघाला.

दौरा सोडलाय. ढब्बू माझ्या घरी आहे. काल पुन्हा गडगडलं. रेडिओ लावून मी जमिनीवर बसले. तो समोरच्या कोपऱ्यात थरथरत राहिला, जवळ आला नाही. ‘ताईकडे ये’ म्हटलं की मागे सरकतो. आता सगळं पहिल्यापासून शिकवायचं. आणि ढगांच्या आधी त्याच्या मनातली माझी भीती घालवायची.

बोलावल्याशिवाय येऊ नकोस.

ताई