तुझ्यासाठी खणलेली जागा

लाडक्या मनू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे येडेपणाच. पण बोलू कुणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ. गावात तोंड उघडावं तर तुझी बेअब्रू, गप्प बसावं तर रात्रभर माझा डोळा लागत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. शाळा मी तुझ्या जुन्या पुस्तकांवरच शिकले, तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

शेतात कडुलिंबाखाली, आपल्या आईच्या, अव्वाच्या शेजारी, तुझ्यासाठी जागा खणून तयार आहे. आणि तू आलाच नाहीस!

तू गेल्याचा फोन तिकडून, परदेशातून, तुझ्या लेकीचा, ताराचा आला. पोरगी रडली, मी रडले, तेवढ्यात फोन तुटला. मी लगेच आमच्या बसवराजला म्हटलं, "मामा येतोय. जागा काढायला घे."

तो म्हणाला, "आई, आधी विचार तर खरं. कधी आणतेत, कसं आणतेत."

"त्यात काय इचारायचं? मेल्यावर माणूस घरी येणार न्हाई तर कुठं जाईल?"

चूक झाली असेल तर ती एवढीच, की विचारलं नाही. पण आपल्यात विचारतात का रे?

औशाला येऊन मी स्वतः उभं राहून खणून घेतलं. आपल्या लिंगायतांत खणतात तसं, आत उतरल्यावर बाजूच्या भिंतीत कोनाडा, माणूस मांडी घालून नीट बसला पाहिजे. मी तर गड्यांना सांगितलं, "जरा ऐसपैस करा. त्याला मांडी पसरून बसायची सवय हाय, एका पायावर व्हायोलिन टेकवतो तो." स्वामींना निरोप गेला. बेल आणला, विभूती आणली, नवं धोतर आणलं. तुला आणायला हैदराबादच्या विमानतळावर गाडी ठरवली. लातूरचे, उदगीरचे पाहुणे येऊन मंडपात बसले.

आणि ताराचा दुसरा फोन आला. तिचं ते तोडकं मराठी. "आत्या, काल झालं इथं सगळं. अग्नी दिला."

"जाळलं? कुणी सांगितलं जाळायला?"

"पपांनी. खूप आधीपासून म्हणत होते. मला लांब कुठं न्यायचं नाही. राख घरासमोरच्या तळ्यात."

मी फोन कानाला तसाच धरून उभी. आख्खा मंडप माझ्या तोंडाकडं बघतोय. आणि आपला चुलता, ऐकायला कमी येणारा, मोठ्यानं विचारतो, "कवा उतरायलंय इमान?"

काय सांगू मी त्याला? म्हटलं, "चहा घ्या समदे."

मनू, तुला आठवतं, तू नांदेडला माझ्याकडं आलास तेव्हा तुझ्या चड्डीची नाडीसुद्धा मला बांधावी लागायची? माझं नुकतं लग्न झालेलं. अव्वा म्हणाली, औशात काही शिकणार नाही हा, तुझ्याकडं ठेव. आमच्या गल्लीच्या टोकाला गुरुजी राहायचे. त्यांच्या खिडकीखाली उभा राहून तू व्हायोलिन ऐकायचास, भाजी आणायचं विसरून. शेवटी त्यांनीच तुला कान धरून आत नेलं.

मग काय, आमच्या घरात रोज सकाळी तेच! तुझे भाऊजी भांड्यांच्या दुकानाला निघायचे आणि म्हणायचे, "काय गं, पोरगं मांजर पिळून राहिलंय का?" पण सासूबाईंनी नाक मुरडलं तेव्हा तेच म्हणाले, "आमच्या दुकानात दिवसभर भांडी वाजतेत, त्यापरीस हे बरं हाय." त्या माणसानं कधी तुला परका धरला नाही.

एक दिवस मी भाकरी थापत होते, आणि तुझ्या खोलीतून असा एक सूर आला की माझा हात परातीतच थांबला. मांजर गेलं होतं. कुणीतरी हळू आवाजात रडून, रडता रडता शांत व्हावं, तसं काहीतरी होतं. भाकरी करपली. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी मला कळलं, हे पोरगं आपल्याकडं राहणार नाही.

पुण्याला गेलास. तिथून परदेशी. तिथंच लग्न, तिथंच घर, तिथल्या मोठ्या विद्यालयात गोरी पोरं तुझ्या पायाशी बसून शिकायला लागली. नात मोबाइलवर दाखवायची. केवढाले ते हॉल! तू गालिच्यावर मांडी घालून बसलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि वाजवून झालं की हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. मी नातीला म्हणायचे, "बघ, लोक उभे हायेत अन् आपला मनू बसलाय." जगभर तुझी पोस्टरं लागली त्यावर ती विभूती होती. मला वाटायचं, एवढं कपाळावर घेऊन फिरतो म्हणजे हा आपलाच. शेवटाला ती विभूती नुसती पोस्टरापुरतीच होती का रे?

खूण तर तेव्हाच पटायला हवी होती. लातूरला तुझा कार्यक्रम ठरला होता. मी दारोदार सांगत फिरले. अव्वा तेव्हा होती. ती इरकल लुगडं नेसून सकाळपासून ओसरीत बसली. आणि तुझा निरोप आला, इकडची हवा कोरडी आहे, व्हायोलिनचं लाकूड तडकतं. तडकतं तर तडकू द्यायचं होतं एकदा! मी अव्वाला म्हटलं, "त्याला ताप आलाय, दिवाळीला येतो म्हणलाय." त्या दिवाळीला वेगळं कारण सांगितलं, पुढच्या दिवाळीला वेगळं. तुझ्या वतीनं किती गोष्टी रचल्या मी! अव्वा प्रत्येक वेळी "हाव" म्हणून मान डोलवायची. आज वाटतं, तिला सगळं कळत होतं आणि माझी लाज राखायला ती मान हलवत होती.

आणि ती इंग्रजीतली मुलाखत! कुणी विचारलं, तुमचं गाव कोणतं? तू हसून म्हणालास, माझं गाव म्हणजे माझं व्हायोलिन. टाळ्या पडल्या. नातीनं मला अर्थ सांगितला आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मोठी माणसं असंच बोलतेत." झाकली मूठ. झाकतच आले मी.

पण अव्वा गेली तेव्हा तू आलास. ते कसं विसरू? तिला आत बसवलं, स्वामींनी तिच्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, सगळ्यांनी माती लोटली. माणसं पांगली तरी तू तिथंच मातीत बसून राहिलास. मग शेजारची जागा हातानं थोपटलीस आणि म्हणालास, "अक्का, ही माझी. मला जन्मभर बसूनच वाजवायची सवय, मला आडवं करू नका."

मी मागितलं होतं का तुझ्याकडं? तूच म्हणालास!

तेव्हापासून ती जागा मी राखली. पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं हातावर नारळ घेऊन आख्खं रान पालथं घातलं, तो नारळ नेमका तिथंच उभा राहिला. आता आपलं रान बसवराजच कसतो, तो हात जोडून म्हणाला, "आई, मामा काय येत न्हाई. बोअर घेऊ दे." मी पोटच्या पोराशी भांडले. त्याचं सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकत होतं, आणि मी म्हणत होते, ती मनूची जागा हाय.

आणि तू, मनू? आजारी पडलास, दर सोमवारी फोन करायचास. शेवटच्या सोमवारीसुद्धा विचारलंस, "अक्का, लिंबाला मोहर आलाय का गं?" मी खुळी! तुला सगळं सांगितलं. मोहर आलाय, खाली सडा पडलाय, जागा झाडून ठेवलीय. तू "बरं" म्हणालास. तेव्हा तर तू तळं ठरवून बसला होतास! मग कशाला विचारलंस? तुला तिथंच राहायचं होतं तर सांगायचं होतंस. जीव तुझा, देह तुझा. मी रडले असते, चार शिव्या घातल्या असत्या आणि हो म्हणाले असते. तुझ्या कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं मी? तू जळलास याचं दुःख आहेच. पण मला तू फसवलंस, ते कुठल्या तळ्यात सोडू?

आता गावाचं ऐक. स्वामी म्हणतात, खणलेली जागा रिकामी बुजवू नये. कुणी म्हणतं, त्याचा फोटो बसवा. कुणी म्हणतं, तिकडून चिमूटभर राख मागवा. शेजारची गंगाक्का म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाला आपली माती कशी पुरंल, बाई?" मी तिच्यासमोर चहाचा कप सरकवला. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि खरं सांगू, तिचं खोटं नव्हतं.

आज सकाळी मी मंडपात सगळ्यांसमोर सांगितलं. फोटो नको, राख नको. आत दगड लावून घ्या, वर शहाबादी फरशी टाका. माझी वेळ आली की उचला, तिथं मला बसवा.

एकच कालवा उठला! दिलेली लेक माहेरच्या रानात? चुलता म्हणाला, "असं कुठं असतंय का? तुझी जागा नांदेडला, सासरी." मी म्हटलं, "ज्याची जागा हितं होती, तो तळ्यात गेला. मग माझीबी कुठं का असंना." बसवराजनं कपाळाला हात लावला. पण दुपारून तोच गवंडी घेऊन आला. शेवटी स्वामी म्हणाले, "आईजवळ लेक बसली तर शिव कशाला रागवंल?"

तेव्हा तुझी जागा आता माझी. तुझ्यावर माया नाही असं समजू नकोस. माया आटली असती तर एवढा जळफळाट झालाच नसता. ताराला इकडं यावंसं वाटलं तर माझं दार उघडं आहे, तिच्या पानात मी तुझा राग वाढणार नाही.

पण एक वचन देते, मनू. मी अव्वाच्या शेजारी जाऊन बसेन, तेव्हा ती पहिल्यांदा तुझंच नाव काढेल. "मनू कुठं हाय गं?" म्हणून विचारेल. त्या वेळी मी ताप सांगणार नाही, दिवाळी सांगणार नाही. तिचा हात हातात घेईन आणि म्हणेन, "अव्वा, त्याला यायचं नव्हतं."

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का
औसा