शेखरचे खाडे

चिखली,
शनिवार, १४ जून

प्रिय शेखर,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पेन हातात घेतलंय. रागावून फाडायच्या आधी बातमी वाच. आमच्या तेजूच्या आजाराचं नाव सापडलं राव, एकदाचं.

दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया. मी चिखलीच्या धुळीला शिव्या घालत रावेतला फ्लॅट बघत होतो. दोष निघाला रक्तात. शरीराची राखण करणाऱ्या पेशींना वेळेवर थांबवणारा ब्रेक तिच्यात अर्धाच आहे. ब्रेक म्हटल्यावर मला लगेच कळलं. आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालंय. काल पोरगी तीन जिने चढून आली आणि वर येऊन माझ्याशी कडाकडा भांडली. केवढं बरं वाटलं, काय सांगू.

मग डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त घेतलं. म्हटलं, "मला काय धाड भरलीये? पंचवीस वर्षांत एक सुट्टी नाही." रिपोर्ट आला. तोच दोष माझ्यातही, जसाच्या तसा. तिला माझ्याकडूनच गेलेला.

"मग मी धडधाकट कसा?"

"तुमच्यात तो गप्प बसलाय. हिच्या फुप्फुसात उठला. घरात आणखी कुणाच्या पोटातही उठू शकतो. वर्षानुवर्षं जुलाब, वजन उतरणं."

"खाडे पडतील एवढे?"

"नोकरी जाईल एवढे," बाई म्हणाल्या. त्यांना काय माहीत, नोकरी घालवणारा समोरच बसलाय.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये, सगळ्या कामगारांसमोर तुझी हजेरी वाचत मी म्हणालो होतो, "एकाच आईबापाची लेकरं आपण. मग पोट तुझंच कसं दुखतं?" माणसं हसली. मीही हसलो. तू डबा उचलून गेलास, त्याला चार वर्षं झाली.

परवा तुझी दिव्या आईला फोनवर हळूच सांगत होती, "ह्यांचं वजन अठ्ठेचाळीसवर आलंय." माझे कान तुला माहीत आहेत. बेअरिंग घासलं तर मला गेटवरून ऐकू येतं. पण तू शेजारच्या मशीनवर वाळत गेलास, ते मला कळलं नाही. कळून घेतलं नाही, असं लिहितो. ते खरं.

तुझ्यात हे असेलच असं नाही. पण असलं तर औषध आहे, शेखर, आणि ते लागू पडतं, मी डोळ्यांनी बघितलंय. मंगळवारी सकाळी आठला कुरुळीत तुझ्या दाराशी गाडी घेऊन येतोय. शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. फक्त गाडीत बसून दे.

तुझा,
गुरुदत्त
(दादा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)