डाव्या बॉक्समधली चाल

मुर्री, गोंदिया
११ मार्च

प्रिय अल्का,

जयभीम. पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. आई बरी आहे, मीही बरा आहे, घरात कुणाला काही झालेलं नाही. रविवारी तुझा फोन येतोच. तू विचारतेस जेवण झालं का, गोळी घेतली का, मी म्हणतो झालं, घेतली. पण मी बेंजोचं नाव काढलं रे काढलं की भिलाईत तुझ्या दारावर नेमकं कुणीतरी येते. कधी गॅसवाला, कधी शेजारीण. म्हणून यावेळी लिहायलाच बसलो. चौथी शिकलेला माणूस मी, बाकीचं पेपर वाचून वाचून आलेलं, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाल.

गोष्ट अशी की आपल्या वस्तीच्या जयंती समितीनं यंदा चौदा एप्रिलला माझा सत्कार ठरवला आहे. शाल देणार, मानचिन्ह देणार. कशाबद्दल, तर 'केवळरामची चाल' म्हणून जी म्हणतात तिच्याबद्दल. तुला तिकडं ठाऊक नसेल, पण आता गोंदियापासून सौंदडपर्यंत गाडीवर ढोल-बेंजो वाजवत वरातीपुढं चालणारी कोणतीही धुमाल पार्टी घे, नवरदेव गाडीतून उतरला की तीच चाल सुरू होते. त्या दिवशी मिरवणुकीत आपल्या पार्टीत दुसरा बेंजो वाजवणाऱ्या कैलाशच्या मुलाची, रोशनची धुमाल राहणार आहे. गाडीवर बसून मी चाल वाजवायची आणि मग खाली उतरून शाल घ्यायची, असा कार्यक्रम. होय की नाही ते मला येत्या आठवड्यात सांगायचं आहे. काय सांगायचं ते मी ठरवलं आहे, आता त्यात फरक होणार नाही. पण ते तुझ्या कानावर आधी पडलं पाहिजे, आणि त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

तुझे टिकाराम मौसा राइस मिलचे फिटर. गोंदियाचे फिटर त्या काळी कुठं कुठं जात होते, हे टांझानियात गेले, एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात धानाची मिल बसवायला. चार वर्षांनी परत आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. सगळं घर जमलं होतं. धुरपता मावशी पेटीकडं टक लावून बसली होती की आता सोनं निघेल. पेटीतून निघाल्या अकरा कॅसेटी. मावशी महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. प्रत्येक कॅसेटवर मौसांच्या अक्षरात 'आफ्रिकन जॅझ', खाली नंबर. मी म्हटलं जॅझ म्हणजे काय, तर म्हणाले, मलाही मालूम नाही, तिकडं बँडपार्टीच्या नावातच जॅझ असते, आपल्याकडं नावात ब्रास असते तसं. शनिवारी मिल बंद झाली की सगळे मजूर हॉलमध्ये जात आणि नाचत. मौसाही नाचत, हे मावशीला अजून माहीत नाही.

मला त्या कॅसेटींनी येडं केलं. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण गाणं कसं चालते ते कळत होतं. अर्ध्यापर्यंत माणसं हळूहळू गातात, घरातलं काही समजावून सांगावं तसं. मधूनच सॅक्सोफोन होकार भरतो. आणि मग एका जागी गाणं वळण घेते, गाणारे बाजूला होतात आणि गिटारी मोकळ्या सुटतात. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सोडल्यावर कोरडा कालवा आधी गुरगुरतो आणि मग पाणी येतच राहते, तसं. मी त्या गिटारी ऐकल्या आणि मला बटणं दाबून वाजवायचा आपला बेंजोच दिसला. तीच टणटण, तीच धावपळ. वाटलं, हे तर आपल्या वरातीसाठीच केलेलं आहे, फक्त चुकून समुद्रापार जन्मलं.

पण एका बेंजोवर ते येईना. त्यात दोन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या. मग तूच शोधून काढलं होतंस, आठवते का, की टेपचं एक बटण फिरवलं की एक गिटार एका स्पीकरच्या बॉक्समध्ये जाते आणि दुसरी दुसऱ्यात. डाव्या बॉक्सवर गोधडी टाकून मी उजवी गिटार ऐकत होतो. माझं झालं की गोधडी उजव्या बॉक्सवर जायची आणि तू डाव्याला कान लावून बसायचीस. मिलच्या कामावरून आल्यावर अंगाचा कोंडा झटकायच्या आधी मी टेप लावत होतो. तुझी आई म्हणे, या घरात गोधडी माणसाले नाही, डब्याले पांघरून राहिले. चार वर्षं आपण तसं शिकलो. मी तुझी बाजू कधी वेगळी ऐकली नाही, तू माझी ऐकली नाहीस. दोन्ही एकत्र वाजवायचं म्हटलं की मी म्हणत होतो, अजून माझं पक्कं नाही झालं. खरं म्हणजे तुझं माझ्याआधी पक्कं झालं होतं आणि ते मला दिसत होतं.

आता सौंदडचं लग्न. हे मी तुझ्याशी कधीच बोललो नाही. मे महिना, तू सोळाची. कैलाशचं बोट मळणीयंत्रात सापडून फाटलं आणि आपल्या पार्टीला दुसरा बेंजो उरला नाही. तू म्हणालीस, मी वाजवते. मी होय म्हटलं, पण कसं म्हटलं ते तू विसरली नसशील. मेटाडोरवर पुढं कैलाशला बसवलं, बोटाला पट्टी, मांडीवर बेंजो, त्याची वायर गादीखाली खोचलेली. आणि तुला मागं, दोन बॉक्सच्या मधे, वरून ताडपत्री. चार वाजताचं ऊन. दीड तास तू त्या ताडपत्रीखाली वाजवलंस. मी उजवी बाजू धरली, तू डावी, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दोन्ही एकत्र झाली. वरात पुढं सरकेना. नवरदेवाचे मामा रस्त्यात आडवे झाले होते, म्हणे पुन्हा वाजवा. एका पिऊन आलेल्या पाहुण्यानं कैलाशला विचारलं, बोटाले तर पट्टी बांधून हाये, मंग वाजवून कसा राहिला गा? कैलाश म्हणाला, सराव आहे, भाऊ. लोक हसले. मीही हसलो. ताडपत्रीखाली तू हसली होतीस की नाही, ते मी पाहिलं नाही.

शेवटी नवरीच्या बापानं मानाचा दुपट्टा आणला आणि कैलाशच्या गळ्यात टाकला. तू ते बॉक्सच्या फटीतून पाहिलंस, आणि तू पाहत असताना मी तुला पाहिलं. तू बाहेर आलीस तेव्हा कपड्यातून पाणी निथळत होतं आणि बोटांना फोड होते. त्या दिवसानंतर तू बेंजोला हात लावला नाहीस.

मी इतकी वर्षं समजत होतो की तू त्या दुपट्ट्यावरून रागावलीस. तो राग मला परवडत होता, कारण माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं. दारू पिऊन नाचणारी माणसं, त्यांच्यासमोर वयात आलेली पोर कशी बसवायची, कोणता बाप बसवेल. हे खोटं नाही. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की लोक म्हणाले असते, केवळरामला आता पोरीच्या भरवशावर पार्टी चालवावी लागते. तुझ्यासाठी भीती होती तेवढीच मला माझ्या नावाचीही होती. हे लिहायला मला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

आता ताजी बातमी. मागच्या महिन्यात रोशननं मौसांच्या कॅसेटी नेल्या. सहा बुरशीनं गेल्या होत्या, पाच वाचल्या. रायपूरहून त्या मोबाइलमध्ये भरून आणल्या आणि माझ्या दोन्ही कानांत इअरफोनची ती बारकी बोंडं खुपसली. म्हणाला, आजोबा, आता गोधडी नको. तुझी आई पडवीत वाळकी मोहफुलं निवडत होती. आपली चालीची कॅसेट लागली. उजव्या कानात माझी गिटार, ओळखीची. डाव्या कानात तुझी ऐकू म्हटलं, एकोणतीस वर्षांनी.

ती तिथं नव्हती, अल्का.

म्हणजे गिटार होती, पण ती साधी होती, चार ठोके घेऊन जागच्या जागी फिरणारी. रहाटासारखी. सौंदडला तू जे वाजवलंस त्यात चाल खाली उतरते, एक ठोका थांबते, आणि मग वर उसळते. त्या थांब्यावर पाय उचलले जातात आणि उसळली की सगळी वरात एकदम उडी मारते. आज जिल्ह्यात जिथं वरात उडी मारते, ती जागा. ती कॅसेटवर नाहीच. मी सात वेळा ऐकलं. मग पाचही कॅसेटी ऐकल्या, वाटलं दुसऱ्या कुठल्या गाण्यातून तू उचललं असेल. कुठंच नाही. मी मौसांना फोन करून विचारलं की तिकडं हॉलमध्ये असं थांबून उडी मारत होते का. ते म्हणाले, नाही गा, ते तर पाय घासत नाचतात, उडी आपल्याच लोकांची.

दुसऱ्या दिवशी कैलाशकडं गेलो. त्यानं तुझी बाजू नंतर त्या लग्नाच्या शूटिंगवरून शिकली होती, आणि त्याच्यावरून मग सगळ्या पार्ट्यांनी. मी म्हटलं, कैलाश, हे कॅसेटवर नाही रे. तो खाली पाहत म्हणाला, "दादा, मले तवाच मालूम होतं. कॅसेटवर मी बी शोधलं होतं. तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

घरी आलो आणि मला त्या दिवसाची परतीची वाट आठवली. मेटाडोर मुर्रीच्या वळणावर आली होती. तू मला एकच गोष्ट विचारली होतीस. बाबा, आज माझं कसं झालं? आणि मी म्हणालो होतो, अगदी कॅसेटसारखं झालं. मला वाटलं यापेक्षा मोठी शाबासकी नाही. तू मान फिरवून बाहेर धानाच्या बांध्यांकडं पाहत बसलीस. मी म्हटलं थकली असेल. दुपट्टा नव्हता गं तो. तू एक नवीन गोष्ट केली होतीस, तिच्यासाठी दीड तास उकडत बसली होतीस, आणि ज्या एका माणसाला ती ऐकू यायला हवी होती त्याला ती ऐकूच आली नव्हती.

मी हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. वाटलं ती धीर देईल. ती म्हणाली, "पोरीले ताडपत्रीखाली बसवलं तुमी, आन् आता शाल आंगावर घ्याले जाऊन राहिले?" एवढं बोलून तिनं भाजीला फोडणी दिली. दोन दिवस माझ्या ताटात भात वाढला पण वर वरण विचारलं नाही. तुझीच आई आहे ती.

समितीतले काही हसतील हे मला माहीत आहे. एकानं तर आताच म्हटलं, म्हातारपणी पोरीचं कौतुक सुचून राहिलं. हसू दे. मी बेंजो कुणाकडून शिकलो नाही, चुकत चुकत शिकलो, आणि चुकलेला सूर पुढं नेला की तो चूकच राहतो, मागं येऊन पुन्हा वाजवावा लागतो, एवढं मला कळते. तुझ्या बेंजोच्या तारा बदलल्या आहेत. दोन बटणं अडकत होती, ती रोशनच्या हातून दुरुस्त करून घेतली. माझ्या नातीची, टीनाची परीक्षा तोपर्यंत संपते, हे मी जावईबापूंना विचारून घेतलं आहे. तू म्हणशील बोटं विसरली. माझीही दोन बोटं आता सकाळी उठायला तयार नसतात, त्यांना मी गरम पाण्यात घालून उठवतो.

तर एवढं लिहिलं ते यासाठी. रविवारी मी समितीला सांगणार आहे की माइकवरून त्या चालीला माझं नाव घ्यायचं नाही, 'अल्काची चाल' म्हणायचं, आणि शाल तिच्या मालकिणीची आहे. कबूल नसेल तर सत्कार नको. यासाठी मी तुझी परवानगी मागत नाही, जे खरं आहे ते सांगायला परवानगी लागत नाही. मागतो आहे ते दुसरंच. तू ये. गाडीवर पुढं बस, डोक्यावर काही नसेल, गावासमोर वाजव, आणि एकदा मला नीट ऐकू दे. नाही आलीस तर मी रागावणार नाही, तो हक्क माझ्याकडं उरला नाही. पण हेही ठरलं आहे की उजवी बाजू मी वाजवीन आणि डावी कुणी वाजवणार नाही. रोशनच्या सगळ्या पोरांना तसं बजावलं आहे. उडीची जागा येईल, लोकांचे पाय उचललेले राहतील, आणि कुणीतरी विचारेलच, काऊन जी, चाल अर्धीच काऊन? मी माइक घेईन आणि सांगीन, उरलेली अर्धी भिलाईला राहते, तिला जाऊन विचारा.

तुझाच,
बाबा