मापाला शीग

९ नोव्हेंबर, रवि.
इराची साखर दोनशे ऐंशी! केक खाऊन दोन तास झाले होते. मार्चमध्ये डायबेटिस निघाल्यापासून पोरीचा घासन् घास मोजतोय, इन्सुलिनही मोजूनच दिलेलं. केकचं गणित सूनबाईंनी, मुग्धाने, स्वतः केलं. "आई, मैदा किती, साखर किती?" मी सांगितलं, दोन कप, दीड कप. तिने मोबाइलवरच्या तक्त्यात बघून ग्रॅम काढले, तुकड्यांनी भागलं. ह्यांनी भागाकार दोनदा तपासला. गणिताचे मास्तर, रिटायर झाले म्हणून सोडतात का!
मग एकच उरलं. "इरा, चोरून काय खाल्लंस?"
नऊ वर्षांची नात माझी. "काही नाही," म्हणाली. मुग्धाने पुन्हा विचारलं. मग मीही विचारलं.

१० नोव्हें., सोम.
इरा माझ्याशी न बोलताच शाळेत गेली. मु.ने बिस्किटांचे डबे कपाटात ठेवून कुलूप लावलं. या घरात खाण्याला कुलूप कधी नव्हतं.
संध्याकाळी इरा म्हणाली, "वाढदिवसाला केक नको." वाढदिवस येत्या रविवारीच. मग काय हवं, विचारलं. "काही नको."

१२ नोव्हें., बुध.
सूनबाईंनी काटा आणलाय. "आई, यापुढे सगळं ग्रॅममध्ये." म्हटलं, कर्वेनगरात तीस वर्षं केकचे क्लास घेतले, एक केक बसला नाही माझा. "केक बसण्याचा प्रश्नच नाहीये, आई."
दुपारी घरात कोणी नव्हतं. काटा काढला, आपलं सहज. नेहमीसारखा मैद्याचा कप भरला. तक्ता म्हणतो सव्वाशे. काट्यावर एकशे पासष्ट. काटा बिघडलाय म्हणून किलोचं न फोडलेलं साखरेचं पाकीट ठेवून पाहिलं. काटा ठणठणीत. मग साखरेचा कप. तक्त्यात दोनशे, माझा दोनशे चाळीस.
आई म्हणायची, मापाला शीग हवी, पुसून द्यायला आपण काय दुकानदार? मी जन्मात कप सपाट केला नाही. आपटायचा, दाबायचा, वर डोंगरासारखी शीग. क्लासमध्येही तेच शिकवलं.
पोरीने काहीही चोरून खाल्लं नव्हतं. जास्तीचं केकमध्येच होतं, आणि ते मी घातलं होतं.

१३ नोव्हें., गुरु.
सांगितलं नाही. मु. दमून आली, मग जेवणं, मग...
खरं म्हणजे लाज वाटते. इरा त्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही.
ह्यांना सांगितलं. "म्हणजे भागाकार बरोबरच होता," म्हणाले. धन्य! थोड्या वेळाने म्हणाले, "पण हे तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

१४ नोव्हें., शुक्र.
दोघींना समोर बसवलं, कप भरला, काट्यावर ओतला. आकडा बघून मु. उठली आणि कपाटाचं कुलूप काढलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
इरा म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."
"नाही गं बाळा. माझं चुकलं."
"तू पण विचारलं होतंस."
हो. विचारलं होतं.

१६ नोव्हें., रवि.
वाढदिवस. सकाळी इरा काटा घेऊन ओट्याशी हजर. "केक तू कर. आकडे मी वाचते."
मैदा हवा अडीचशे ग्रॅम. ओतला. "दोनशे ऐंशी. आजी, काढ." चमच्याचमच्याने परत काढला. घातलेलं परत काढायला हात अजून धजत नाही. "दोनशे एक्कावन्न. काढ." अगं, एका ग्रॅमने काय... "काढ." अगदी मुग्धावर गेलीये.
भाजलेला केक तोलला, तिचा तुकडाही तोलला. सगळे आकडे माझ्या अक्षरात. साडेचारला त्यावरूनच इन्सुलिन दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला.
साडेसहाला तपासायचं. आत्ता सहा पंचवीस. मु. मशीन घेऊन बसलीये. हे उगाच पेपर चाळतायत. आज आकडा चढला तर पुन्हा सगळे पोरीकडेच बघतील, मला माहीत आहे.
इरा आत्ता इथे आली. बोट माझ्यासमोर धरून उभी आहे. "आईने नको. तू टोच."
वही ठेवते. टोचते मी, आकडा तीच वाचेल.