हासिंताच्या खांद्यामागची गाठ

मंगळवार, १२ मार्च

परत आली. ही तिसरी खेप.

डाव्या खांद्याच्या पात्यावर, त्याच जागी. घेवड्याच्या दाण्याएवढी, लालसर, वरून संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची. हात लावला तर गरम. शेला सोडून हासिंताला पाठीवरून उतरवलं तेव्हा दिसली. ती मात्र हसतेय, माझ्या नाकाला धरतेय.

नवऱ्याला, लिंदोरला दाखवली. रंधा खाली ठेवून आला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "काहीतरी चावलंय," म्हणाला. मागच्या दोन्ही वेळी हेच म्हणाला होता. असला कोणता किडा असतो जो नेमकी जागा लक्षात ठेवून चावायला येतो?

संध्याकाळपर्यंत बसली. मागं फक्त फिकट तपकिरी डाग. दुधाच्या चहाचा थेंब सांडावा तसा.

गुरुवार, १४ मार्च

धुकं. समोरचं बेट नाही, धक्का नाही, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा नाही. कुठून तरी लाँचचा भोंगा येतो आणि विरतो. चुलीपाशी बसून लोकर पिंजत होते, हासिंता मांडीवर. डोळा लागला असावा. वाटलं, तिची पाठ म्हणजे समुद्र आहे. ओहोटी लागलीय आणि एक खडक हळूहळू वर येतोय. मी घाबरले नव्हते, नुसती बघत होते.

जागी झाले तर पाठ साफ. डाग तेवढा होता.

रविवार, १७ मार्च

टेकडीवर गेलो. फोनला तिथंच, कबरस्तानाच्या फाटकापाशी, आवाज मिळतो. यास्नाशी बोलले. माझ्या बहिणीची ही एकुलती पोर. बहीण गेली, त्यानंतर मलाच आईच्या जागी मानते. एकोणीस वर्षांची. सप्टेंबरात दोन महिन्यांची हासिंता माझ्या हातात दिली आणि पुएर्तो मोंत शहरात माशांच्या कारखान्यात कामाला गेली. "महिनाभरच, मावशी. खोली मिळाली की नेते." सहा महिने झाले.

"कशीय?" तिनं विचारलं.

"मस्त. दोन दात आले."

"रडते का?"

"कशाला रडेल?"

पलीकडं कारखान्याचा पंखा घरघरत होता. मग ती म्हणाली, "बरं." नुसतंच बरं.

गाठीचं सांगितलं नाही. दर रविवारी ठरवते आणि दर रविवारी दातांवर नाहीतर बटाट्यांवर बोलून खाली येते.

मंगळवार, २६ मार्च

महिन्याच्या फेरीची डॉक्टरांची बोट आली. हासिंताला न्हाऊ घातलं, सुती झबलं घातलं, कडेवर घेऊन दवाखान्यात गेले. काल दुपारी गाठ द्राक्षाएवढी होती! आज काहीच नाही.

डॉक्टरीणबाई नवीन, तरुण. भली आहे. डाग बघितला. "जन्मखूण दिसते, आई."

"मी आई नाही. मावशी. म्हणजे आईची मावशी."

"आई कुठंय?"

"कामावर."

तिनं कागद चाळले. मग मला म्हणाली, गाठ वर आलेली असताना आणा. मी म्हटलं, गाठ वर येते तेव्हा तुमची बोट नसते. ती हसली, पण वाईट हसली नाही. आमची नर्सबाई ओरिएता बाजूला उभी होती. तिलाही मी दोनदा घाईघाईनं बोलावलं होतं. दोन्ही वेळा ती भाजीच्या वाफ्यातून उठून आली आणि तोवर गाठ बसलेली. आज माझ्याकडं न बघता कागद लावत राहिली. तेच जास्त लागतं.

घरी लिंदोर म्हणाला, "बोट दिसली की हिचा फुगा फुस्स. माझी दाढ अशीच. खुर्चीत बसलं की दुखायची थांबते."

हसले. मग मोरीत जाऊन रडले.

बुधवार, ३ एप्रिल

शेजारच्या क्लोरिंदाबाई आल्या. हासिंताला बघितल्या बघितल्या, "दृष्ट लागलीय. इतकी गोरीगोमटी, लागणारच." पाला आणला, तिच्यावरून तीनदा उतरवला, चुलीत टाकला. तडतडला. "बघ, किती लागली होती." मनगटाला लाल दोरा बांधला.

मग माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईचा डोहाळा राहिला असेल. राहिलेला डोहाळा पोराच्या अंगावर उठतो. यास्नाला काय खावंसं वाटायचं?"

मला माहीत नाही. विचारलंच नव्हतं. तेव्हा मी तिच्यावर रागावलेली होते. पोराचा बाप कोण ते सांगत नाही म्हणून अख्खा हिवाळा धड बोलले नव्हते तिच्याशी.

गाठ दुपारीच बसली. क्लोरिंदाबाई आनंदात घरी गेल्या.

शुक्रवार, ५ एप्रिल

आली. दोऱ्यासकट.

रविवार, १४ एप्रिल

टेकडी. वारा. यास्नाला विचारलं, "दिवस होते तेव्हा तुला काय खावंसं वाटायचं गं?"

 म्हणाली, "तुझ्या हातचं काहीही. पण तू बोलत नव्हतीस ना."

वारा फार होता. फोन कानाला घट्ट धरला तरी पुढचं ऐकू आलं नाही. मी "हो हो" म्हणत राहिले.

मंगळवार, २३ एप्रिल

बोट आली. गाठ नव्हती. गेलेच नाही.

ओरिएता जाताना डोकावून गेली. "नोल्फाताई, आज नाही आलात?" मी म्हटलं, बरी आहे ती. ओरिएता फाटकाशी थांबली. "यास्नाला कळवलंय का तुम्ही?"

"कळवीन."

"ताई, पुढं तपासण्या करायच्या म्हटल्या तर आईची सही लागणार. कास्त्रोला इस्पितळात आईशिवाय घेणार नाहीत."

ठाऊक आहे मला. म्हणूनच तर.

इथं दुसरं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. यास्ना आली की हासिंताला घेऊन जाईल. गाठ मला घाबरवते, पण यास्नाची लाँच त्याहून जास्त. लग्नाला एकतीस वर्षं झाली. या घरात पाळणा लिंदोरनं दोनदा बांधला आणि दोनदा मोडून त्याच्या फळ्या दुसरीकडं वापरल्या. आता तिसरा भरलाय. मी आजारी पोराच्या आईला "मस्त आहे" सांगते. अशी बाई आहे मी.

गुरुवार, २ मे

काही लिहावंसं वाटत नाही. दिवस लोकरीसारखे, कुठं एक संपतो आणि दुसरा लागतो कळत नाही. पाऊस, चूल, हासिंताचा श्वास. ओहोटीला किनाऱ्यावर शिंपल्या वेचते, ती पाठीवर झोपते, तिची ऊब माझ्या कण्यातून आत येते. वाटतं, असंच चालू राहावं, कुणी भोंगा वाजवू नये.

सोमवार, ६ मे

किनाऱ्यावरून भिजून आलो. गार पडली होती, म्हणून तिला कढत पाण्यात बसवलं. लोकरी फडक्यानं पाठ खसखसा पुसली. बघता बघता गाठ वर आली. एवढी मोठी कधीच नव्हती, वर पाण्याचा फोड. मग मान लाल, तोंड लाल, कान लाल. आणि एकदम हातपाय सैल. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघेनात. "हासिंता, हासिंता, ए माझे बाय."

किती वेळ? लिंदोर म्हणतो दोन मिनिटं. त्यानं तिला तशीच टॉवेलात गुंडाळून उचलली आणि पावसात दवाखान्याकडं पळाला. साठीचा माणूस. मी मागून, अनवाणी.

पोचलो तोवर ती रडायला लागली होती. ते रडणं ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले. ओरिएतानं शेवटी गाठ बघितली. फोनवर फोटो काढला, दवाखान्याच्या इंटरनेटवरून लगेच डॉक्टरीणबाईंना पाठवला. मग माझ्याजवळ येऊन बसली. "माफ करा ताई. मला वाटत होतं, तुम्हाला फार काळजी करायची सवय आहे."

मंगळवार, ७ मे

उजाडल्या उजाडल्या टेकडीवर गेले. रविवार नाही, म्हणून यास्नानं घाबरूनच उचलला. सगळं सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं.

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली.

"हो."

"दर रविवारी मी विचारत होते, मावशी."

"हो."

पंख्याची घरघर. मी वाट बघत होते की ओरडेल. ओरडली नाही. "येते मी," म्हणाली आणि ठेवला.

गुरुवार, ९ मे

आली. धक्क्यावर उतरली तर ओळखू येईना. केस कापलेत, हात थंड पाण्यानं फाटलेले. हासिंतासाठी टोपी आणलीय, पण दोन महिन्यांच्या बाळाच्या मापाची. डोक्यात बसेना. तीच टोपी हातात घेऊन उभी राहिली.

हात पुढं केले. हासिंतानं तिच्याकडं नीट बघितलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. माझे केस मुठीत धरून किंचाळली.

मला बरं वाटलं. एक क्षणभर. देवा, ते लिहायलाच हवं.

सोमवार, १३ मे

कास्त्रो. लांब पांढरा, औषधाच्या वासाचा कॉरिडॉर, खिडकीबाहेर धुकं, जणू इस्पितळच समुद्रावर तरंगतंय. यास्नानं सही केली. आत एक म्हातारे डॉक्टर, जाड भुवयांचे. गाठ अर्थातच नव्हती. मी सांगायला लागले, "काल होती हो, खरंच..." त्यांनी हातानं थांबवलं. जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या टोकानं डागावर पाच-सहा वेळा हलकं घासलं. "आता गप्पा मारू," म्हणाले. "बेटावर बटाटे कसे झाले यंदा?"

बटाट्यांचं सांगून होईतो डाग लाल झाला, फुगला. आमच्या डोळ्यांदेखत गाठ उभी राहिली. यास्नानं माझा दंड धरला.

"मास्टोसायटोमा," ते म्हणाले. आणि कागदावर लिहूनही दिलं. त्वचेतल्या एका जातीच्या पेशी तिथं जास्त जमल्यात. घासलं, फार ऊब लागली की त्या आपल्यातलं रसायन सोडतात, मग कातडी फुगते. त्या दिवशी अंगभर सुटलं म्हणून ती लाल होऊन सैल पडली. कॅन्सर नाही, कापायचं नाही, बहुतेक शाळेत जायच्या आत आपोआप जातं. रक्त तपासलं, थेंब लिहून दिले. कढत पाणी नको. चोळणं नको. खरबरीत काही अंगाला नको.

"ती जागा रोज कशावर घासतेय?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीवर ठेवलेला शेला बघत होते. आमच्याच मेंढ्यांची लोकर, मीच पिंजलेली, मीच विणलेला. ज्यात तिला पाठीशी बांधून रोज किनाऱ्यावर नेते. दवाखान्यात जाताना तेवढं सुती झबलं आणि कडेवर.

"माझ्यावर," मी म्हटलं.

"स्वतःला बोल लावू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यामुळं झालेलं नाही. तुमच्यामुळं दिसलं."

परतीच्या लाँचवर हासिंता दमून झोपली. झोपेतच यास्नाच्या मांडीवर दिली. यास्ना अख्खी वाट हलली नाही.

बुधवार, १५ मे

यास्ना तिला आंघोळ घालायला शिकतेय. पाण्यात कोपर बुडवून बघते, परत बघते. हासिंता रडते, माझ्याकडं हात करते. मी बाहेर जाऊन लाकडं रचते. रचलेलीच परत रचते.

रात्रीच्या जेवणात यास्नाला मटण-बटाटे वाढले. खाली बघून खात होती. "हाच," म्हणाली.

"काय हाच?"

"डोहाळा."

लिंदोर उठून चुलीत लाकूड घालायला गेला. चूल भरलेलीच होती.

शुक्रवार, १७ मे

उद्या लाँच आहे. यास्नाची रजा संपते. कारखान्याजवळ खोली मिळालीय तिला. हासिंताचे कपडे धुवून, वाळवून, घड्या घालून पिशवी भरली. सगळं सुती. थेंबांची बाटली वर, डॉक्टरांचा कागद बाजूच्या खिशात. कोणत्या गाण्यावर झोपते ते लिहून ठेवलं. यास्ना दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "सगळं आहे यात." ती म्हणाली, "हो, दिसतंय."

तिला मिठी मारायला हवी होती. पिशवीची नाडी बांधत बसले.

रविवार, १९ मे

यास्ना काल एकटीच गेली. आम्ही उठायच्या आत. उशीखाली चिठ्ठी: "ती तुझीच झालीय मावशी. तुझ्याकडंच सुखी आहे. मी दर रविवारी फोन करीन."

जे हवं होतं ते मिळालं. काल दिवसभर हासिंताला घेऊन बसले आणि ते सुख कुठं आत लागतंय का बघत राहिले. नाही लागलं.

आज लाँच नाही. लिंदोर आपली बोट पाण्यात ढकलतोय. दालकावेपर्यंत बोट, पुढं पुएर्तो मोंतची बस. पिशवी भरलेलीच आहे, माझीही भरली. हासिंता आईकडं आपणहून झेपावेपर्यंत मी यास्नाच्या खोलीत जमिनीवर झोपेन. मग परत येईन.