वसंतराव आणि तीन घागरी

आवडी, मद्रास
२० सप्टेंबर १९९१

तीर्थस्वरूप दत्तोपंत भावोजी यांस,

शरदचंद्राचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि अक्कांचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही सारे मजेत. मी तर जरा जास्तच मजेत आहे, कारण आपल्या भाचीने, म्हणजे आमच्या विद्युलतेने, मैलापुरात परवा जो पराक्रम केला तो सांगितल्यावाचून मला अन्न गोड लागणार नाही.

मंडळाच्या गणपतीत कीर्तनकारबुवा आयत्या वेळी आजारी पडले. अध्यक्ष वसंतराव (मागे चारचौघांत 'पोरगी इलेक्ट्रॉन शिकते म्हणजे शेवटी बल्बच ना हो?' म्हणाले होते, तेच) हवालदिल झाले. मी छाती काढून म्हटले, आमची विद्यु बोलेल. विद्युने माझ्याकडे असे पाहिले की तिची आई आठवली (ती शेजारीच बसली होती, तरीही).

पण उभी राहिली हो! म्हणाली, प्रोटॉन इतका बारीक की डोळ्याला दिसणे नाही. मग त्याच्या पोटात काय आहे ते कळावे कसे? त्यावर इलेक्ट्रॉन मारायचे आणि ते कुठे, किती जोराने उडतात ते पाहायचे. बेताच्या जोराने मारले तर नुसता गोळा जाणवतो. फार जोराने मारले तर काही इलेक्ट्रॉन एकदम आडवे उडतात, म्हणजे आत बारीक कठीण कण असले पाहिजेत. तेच क्वार्क. न्यूट्रॉन बाहेरून निर्विकार, विद्युतभार शून्य. पण त्याच्याही आत धन आणि ऋण नांदतात. (इथे मी उगाच आमच्या हिच्याकडे पाहिले.)

मग प्रयोग. रंगमंचावर पडदा जमिनीपासून वीतभर वर बांधला, मागे पितळेच्या तीन घागरी. आम्ही खालून रबरी चेंडू सोडायचे आणि परत येतात त्यावरून लोकांनी आतले ओळखायचे. तंजावरच्या तुळजाबाईंनी, वय वर्षे ऐंशी, तिन्ही घागरी जागच्या जागी ओळखल्या! पण डावीकडून चेंडू जोर हरवून परतू लागले. विद्यु कपाळाला आठी घालून म्हणाली, इथे काहीतरी आहे, ते असायला नको. मला स्फुरण चढले. ऊर्जा वाढवायला हवी म्हणून मी एक चेंडू सगळ्या ताकदीनिशी हाणला.

आतून किंकाळी आली. वसंतराव (पंख्याखाली कॉफी पीत बसले होते) पडदा, दांडी आणि पताकांसकट बाहेर आले, रेशमी सदऱ्यावर कॉफी. विद्यु जराही न हसता म्हणाली, "ऊर्जा फार वाढली की प्रोटॉन फुटतो आणि भलतेच काही बाहेर पडते. क्वार्क मात्र एकटा कधीच बाहेर येत नाही, सोबत बरेच काही घेऊन येतो."

काय टाळ्या पडल्या, भावोजी! आणि वसंतरावही मोठ्या मनाचे. पताका गळ्यात तशाच ठेवून ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "मी बल्ब म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. आज माझ्याच डोक्यात उजेड पडला." आणि स्वतःची शाल तिच्या खांद्यावर घातली.

तुळजाबाईंनी आपल्या जुन्या तंजावरी मराठीत विचारले, असले यंत्र असते तरी कुठे? विद्यु म्हणाली, जर्मनीत, हॅम्बुर्गला. मला तिथे बोलावणे आले आहे, जानेवारीत जाते, तीन वर्षांसाठी. मला, तिच्या बापाला, हे तेव्हाच कळले. सर्वांत मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या.

आपला,
शरदचंद्र

ता. क. : मुख्य काम राहिलेच. आई तुमच्याकडे आहे. नात तीन वर्षे दूर जाणार हे तिला कसे सोसेल? माझ्याने सांगवणार नाही. आपणच हळूच सांगावे.

ता. क. २ (विद्युच्या हातचा) : काका, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून लिहिते. आजीला मी मे महिन्यातच सांगितलं. ती म्हणाली, "तू बिनघोर जा गं. शरदला मात्र चार लोकांत सांग, म्हणजे रडायचा नाही." तसंच केलं. बाबा घरी येईपर्यंत टिकले.