पटावर एकतीस

८ जुलै, मंगळवार. मोर्शी

एकतीस नावं, बावीस डोकी! आणि माझ्या हजेरीत सगळे हजर.

शाळा उघडून पंधरा दिवस झाले. नववीच्या पटावर एकतीस. त्यातले नऊ जण अकोल्याला — नीट-जेईईच्या क्लासच्या फाउंडेशन बॅचला, तिथल्याच होस्टेलात. नाव आमच्याकडे, पोरगं तिकडे. आईबापाला दाखल्यापुरती शाळा हवी, शाळेला नाव हवं. रोज सकाळी त्या नऊ नावांपुढे मी हजेरी मांडते. पहिल्या दिवशी हात थांबला होता. आता थांबत नाही.

उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? त्यातली चार नावं मीच आणली. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून आम्ही सगळे शिक्षक गावोगाव फिरलो — पोरगं आमच्याकडे टाका, पोरगं आमच्याकडे टाका. दरवर्षीचंच आहे हे. एका बाईनं माठातलं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, नाव पाहिजे का पोरगं? मी म्हटलं, नाव दिलं तरी चालेल.

भगवंतराव सरांनी — आमचे मुख्याध्यापक — जूनमध्येच सांगून टाकलंय. पटपडताळणीचं पथक कधीही येईल. आकडा घसरला की गणिताचं एक पद जातं, आणि सगळ्यांत शेवटी लागलेली मी. म्हणजे मी अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाला जिथं जागा रिकामी तिथं पाठवतात. सध्या रिकाम्या जागा पार मेळघाटात, धारणीकडे आहेत.

अकरा वर्षं काढली इथं. नेमणुकीला सरकारी मान्यता मिळून तीनच झाली. नवरा, ललित, अकोल्याला, लेक सहा वर्षांची, तीही तिथंच सासूबाईंजवळ. आत्ता आठवड्यातून एकदा दिसते. धारणीला गेले तर महिन्यातून एकदा दिसेल.

नाही. पद जाता कामा नये.

११ जुलै, शुक्रवार

नववीला संच हा धडा सुरू केला. सुस्पष्ट म्हणजे काय ते सांगितलं — एखादी गोष्ट त्यात आहे की नाही, हे कोणालाही ठाम सांगता आलं पाहिजे. आठवड्याचे वार: संच. वर्गातली हुशार मुलं: संच नाही, कारण हुशार कोण ते जो तो आपल्या मनानं ठरवणार. पोरं हसली. एकमेकांकडे बोटं दाखवून झाली.

प्राजक्ता हसली नाही. पहिल्या बाकावरची. बाप संत्रा मंडीत हमाली करतो. तिनं विचारलं, शून्य म्हणजेच रिक्त संच का? मी म्हटलं, फळ्यावर येऊन तूच सांग. आली. दोन कंस काढले, आत काहीच नाही. शेजारी परत दोन कंस काढले, आत शून्य. मग म्हणते, "ह्याच्यात काईच नाई. ह्याच्यात शून्य तरी हाय."

बाप्पा! अकरा वर्षांत हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. दिवसभर तोंडावर हसू होतं माझ्या. स्टाफरूममध्ये एकानं विचारलंसुद्धा, काय झालं मॅडम, लॉटरी लागली काय?

१२ जुलै, शनिवार. अकोला

सकाळची शाळा करून तडक बस धरली. स्टँडवरून जुन्या शहराकडे येताना कचोरीच्या गाडीवर कोण दिसावं — योगेश! माझ्या चारांतला एक. हातात द्रोण, तोंड भरलेलं. तसाच वाकून म्हणाला, नमस्ते मॅडम. मीही नमस्ते केलं. सकाळी साडेसात वाजता मोर्शीत हजर मांडला होता त्याला.

ललितला सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला, तू गणित शिकव, पटाचं सर पाहून घेतील. लेक गळ्यातून हात सोडत नव्हती. मी विषय बंद केला.

४ ऑगस्ट, सोमवार

घटक चाचणी झाली. अकोल्याच्या नऊ जणांचे पेपर एका पिशवीत येणार आहेत. लिहून. कोण लिहिणार ते मी विचारलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आ बैल मुझे मार! दुसरं काय म्हणू?

दुसरा प्रश्न मीच काढलेला. गेल्या वर्षीचा पेपर समोर ठेवून जसाच्या तसा उतरवला, आळस केला. 'पुढीलपैकी संच कोणता ते कारणासह लिहा.' त्यात तिसरं — 'आपल्या शाळेतील नववीचे विद्यार्थी.' सगळ्यांनी लिहिलं, संच आहे. पुस्तकात तसंच आहे.

प्राजक्तानं काय लिहिलंय ते इथं उतरवून ठेवते. 'संच नाही. कारण पटावर ३१ आहेत आणि वर्गात २२ बसतात. बाकीचे ९ यात आहेत की नाहीत हे ठाम सांगता येत नाही. म्हणून सुस्पष्ट नाही.'

पथक उत्तरपत्रिका बघतंच. पान फाडावं? पानांवर छापील नंबर आहेत. आणि उत्तर बरोबर आहे! मी शिकवलं तेच लिहिलंय पोरीनं.

अजून गुण दिलेले नाहीत. लाल पेन टोपण लावून ठेवलाय.

६ ऑगस्ट, बुधवार

सरांना पेपर दाखवला. दाखवायलाच लागला, लपवला असता तर उद्या माझ्यावर आलं असतं. दोनदा वाचला त्यांनी. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पोरगी तयारीची आहे म्हणाले. मग म्हणाले, चूक द्या, आणि बाजूला लाल पेनानं बरोबर उत्तर लिहा. पोरीला संच समजला नाही, एवढंच दिसलं पाहिजे.

मी पेपर उचलेना, तेव्हा सर म्हणाले,

"माया मॅडम, शाळा राहिली तर गणित राहीन."

खोटं तरी कसं म्हणू? ह्या माणसानं टिनाच्या दोन खोल्यांपासून शाळा उभी केली. ह्या पट्ट्यातल्या निम्म्या पोरी ह्या शाळेमुळे दहावी झाल्यात.

चूक दिली. फुली मारली. बाजूला लिहिलं — संच आहे, ३१ घटक. सही केली. अक्षर छान आलं, मेलं.

११ ऑगस्ट, सोमवार

पेपर बघायला वाटले, उद्या परत घ्यायचे. मधल्या सुट्टीत प्राजक्ता स्टाफरूमच्या दारात. रडवेली वगैरे काही नाही. पेपर पुढे धरला.

"माह्यं काय चुकलं मॅडम?"

मी म्हटलं, ज्याचं नाव पटावर, तो घटक. पट बघितला की ठाम सांगता येतं. झाला सुस्पष्ट.

तिनं विचार केला. खरंच केला! मग हळूच म्हणाली, "पन प्रश्नात पटावरचे असं नाई लिवलं मॅडम. शाळेतले लिवलं हाय."

पुरती अडकले. आणि मग नको ते बोलले. आवाज चढला. म्हटलं, लय हुशारी दाखवू नोको, तुले समजते का तुह्या ह्या एका ओळीनं माही नोकरी जाईन? धारणी, अकोल्यातली लेक, अकरा वर्षं — सगळं ओकून टाकलं. चौदा वर्षांच्या पोरीसमोर. ती पेपरची घडी घालत गेली, लहान लहान, लहान लहान. मग म्हणाली, सॉरी मॅडम.

सॉरी तिनं म्हटलं. माया, तुले लाज वाटली पाहिजे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पथक पोळ्याच्या आदल्या दिवशी येतंय. पक्की खबर.

२१ ऑगस्ट, गुरुवार

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात घुमत राहील.

सकाळी अकोल्याहून जीप आली. नऊ जण उतरले, नव्या गणवेशात. घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. कुणाला आपली बाकं माहीत नव्हती. आमच्या पोरांनी सरकून जागा दिली, एक शब्द बोलली नाहीत. एकतीस डोकी! वर्ग एवढा भरलेला मी ह्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

पथकात दोघं. एकानं डोकी मोजली. दुसरे साहेब वयस्कर, ते उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या खुर्चीवर बसले. उद्या पोळा, घरी जायची घाई, म्हणून भराभर पानं उलटत होते. मी खिडकीचा गज धरून उभी. सर दारात.

एका पेपरवर हात थांबला. कळलंच मला.

"प्राजक्ता कोण?"

उभी राहिली. साहेबांनी तिचं उत्तर मोठ्यानं वाचलं. पूर्ण. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, हे काय लिहिलंस बेटा? खरं काय ते सांग, घाबरू नकोस.

माझ्या तळहाताला गजाचा गंज लागला होता. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही.

"चुकलं सर. मले संच समजला नोता. मंग मॅडमनं समजावून सांगितला."

वर्गात किती जण, विचारलं. एकतीस, म्हणाली. साहेब हसले. गणित जरा कच्चं दिसतंय, मेहनत घे, म्हणाले. ती हो म्हणाली आणि बसली.

शेरा मिळाला — पट व उपस्थिती योग्य. पद वाचलं. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. ललितला फोन केला, तो लेकीला ओरडून सांगत होता, आई इथंच राहणार! पेढा माझ्या तोंडात होता.

दुपारी जीप परत गेली.

२ सप्टेंबर, मंगळवार

वास्तव संख्या. फळ्यावर दोन रकाने केले, परिमेय आणि अपरिमेय. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, मुद्दाम नाही केलं. बावीस सप्तमांश परिमेयमध्ये लिहिलं आणि त्याच्याखाली π, म्हणजे पायही लिहिला. पाय! परिमेय! पहिल्या वर्षाच्या शिक्षकानंही करू नये अशी चूक. बावीस सप्तमांश ही पायची जवळपासची किंमत, पाय नव्हे, हे मागच्या आठवड्यात मीच घसा फोडून सांगितलं होतं.

लक्षात आलं तसं पुसायला हात उचलला. मग थांबले. म्हटलं, बघू. पहिल्या बाकावरून आत्ता हात वर होईल.

झाला नाही. प्राजक्तानं मान खाली घालून दोन्ही रकाने वहीत उतरवले. पट्टीनं रेघही मारली. मी विचारलं, समजलं का? ती म्हणाली, हो मॅडम. मी परत विचारलं, पाय परिमेय आहे? हो मॅडम.

सुट्टीत तिला थांबवलं. विचारलं, तुले माहीत होतं ना चुकलं ते? तिनं मान डोलावली. मंग बोलली काऊन नाई?

जमिनीकडे बघत म्हणाली, "मी बोलली की तुमालेच तरास होते ना मॅडम."

तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती आणखी एकदा सॉरी म्हणाली. घरी येऊन कुकर लावला, शिट्या मोजायच्या राहून गेल्या, भात करपला. बसून रडले.

अकरा वर्षांत एक पोरगी मिळाली होती मला. तिला मी हो म्हणायला शिकवलं.

३ सप्टेंबर, बुधवार

आज नऊ नावांपुढे गैरहजर मांडलं. मासिक पत्रकावर बावीस लिहून सही केली आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. ते बघत राहिले, मी उभी राहिले. मग ललितला फोन लावला आणि सांगितलं, धारणीची बस किती वाजता असते ते विचारून ठेव. त्यानं विचारलं, सकाळची की दुपारची?